इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आणि त्याचे सोबती

स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट हातात आला की त्याच्या शेवटी तीन ओळी असतात: ई.आर., पी.आर. आणि हर-टू. पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘ई.आर. पॉझिटिव्ह, ऑलरेड स्कोअर ७/८’. घरचे लोक हा कागद घेऊन आमच्या काउंटरवर उभे राहतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, हे चांगलं की वाईट?’’ मी सांगलीत पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठ काढणं माझं काम नाही, औषध देणंही नाही. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती कशाची आहे हे सांगणं एवढंच माझं काम. त्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते: चांगलं, कारण अशा गाठीवर बहुतेक वेळा गोळी चालते. पण ती का चालते आणि पाच-पाच, दहा-दहा वर्षं रोज का घ्यायची, हे काउंटरवर उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून ते इथे सविस्तर सांगते आहे. कारण दोन वर्षांनी ‘गाठ तर काढली, आता गोळी कशाला’ म्हणून औषध सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या काहींचा पुढचा तुकडा माझ्याच टेबलावर आला आहे.

ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारा रिसेप्टर. पुष्कळ संप्रेरकांचे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात. हा तसा नाही. तो बहुतांशी पेशीच्या केंद्रकात असतो, थेट डीएनएला चिकटतो आणि ठरावीक जनुकं चालू करतो. असं काम करणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात ते सुमारे १,६०० प्रकारचे आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत आणि यकृताच्या पेशीत, मेंदूच्या पेशीत, दुधाच्या नलिकेच्या पेशीत सगळीकडे तीच आहेत. पेशी वेगळ्या होतात त्या कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद यावरून. जनुक चालू होतं म्हणजे आरएनए पॉलिमरेज नावाचं यंत्र त्या जागी येतं आणि डीएनएवरच्या मजकुराची आरएनएमध्ये नक्कल करू लागतं. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. आता कोणत्या जनुकाची नक्कल करायची हे पॉलिमरेजला स्वतःहून कळत नाही. त्याला त्या जागी आणावं लागतं.

मला हा रिसेप्टर दिसतो तो तपकिरी रंगात. मेणात बसवलेल्या तुकड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप मायक्रोटोमवर काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा. मग मेण उतरवून काच बफरमध्ये तापवायची, म्हणजे फॉर्मलिननं आवळून धरलेली प्रथिनं थोडी मोकळी होतात. त्यावर फक्त ई.आर.ला चिकटणारी अँटिबॉडी घालायची आणि शेवटी रंग. जिथे रिसेप्टर आहे तिथलं केंद्रक तपकिरी होतं, बाकीची केंद्रकं निळी राहतात. काच लावल्यावर मी आधी गाठीकडे बघत नाही. कडेला एखादी निरोगी दूधनलिका सापडते का ते बघते. निरोगी नलिकेत काही पेशी तपकिरी असतातच, सुट्या सुट्या, मध्ये निळ्या पेशी सोडून. त्या दिसल्या की रंगकाम बरोबर झालं असं समजायचं आणि मग गाठीकडे वळायचं. किती केंद्रकं तपकिरी आहेत त्याला ० ते ५ गुण, रंग किती गडद आहे त्याला ० ते ३ गुण. बेरीज म्हणजे ऑलरेड स्कोअर.

त्या निरोगी नलिकेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या तपकिरी पेशी स्वतः सहसा विभागत नाहीत. इस्ट्रोजेन आलं की त्या शेजारच्या निळ्या पेशींना वाढीचा निरोप देतात आणि शेजारी वाढतात. गाठीत ही रीत मोडलेली असते. तिथे ज्या पेशीत रिसेप्टर आहे तीच विभागू लागते. रिसेप्टर तोच, डीएनएवर चिकटण्याची अक्षरंही तीच, पण परिणाम वेगळा.

इस्ट्रोजेन आणि या गाठींचा संबंध रिसेप्टर सापडण्याच्या कितीतरी आधी कळला होता. १८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अनुभव प्रसिद्ध केला. ३३ वर्षांच्या एका बाईची स्तनाची गाठ हाताबाहेर गेली होती. आदल्या वर्षी बीटसन यांनी तिचे दोन्ही बीजकोश काढले आणि पुढच्या काही महिन्यांत छातीवरची गाठ विरून गेली. बीजकोश आणि स्तन यांचं काहीतरी नातं असावं हा धागा त्यांना मिळाला होता तो दुभत्या गाईंच्या बाबतीतल्या शेतकऱ्यांच्या अनुभवातून. पण तीच शस्त्रक्रिया दुसऱ्या बाईवर केली तर कधी उपयोग व्हायचा, कधी नाही. कुणाला होईल हे आधी सांगता येत नव्हतं, आणि ते पुढे सत्तरेक वर्षं सांगता आलं नाही.

कोडं सुटायला सुरुवात झाली शिकागो विद्यापीठात. १९५० च्या दशकाच्या शेवटी एलवुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचं मुख्य रूप, लहान उंदीर-माद्यांना टोचलं आणि ते शरीरात कुठे जातं ते मोजलं. त्या काळी पुष्कळांचं मत असं होतं की इस्ट्रोजेन पेशीत जाऊन एखाद्या रासायनिक क्रियेत भाग घेतं, स्वतः बदलतं आणि त्यातून परिणाम होतो. जेन्सन यांना दिसलं ते वेगळंच. रक्तातून आणि स्नायूंतून इस्ट्रॅडिऑल लवकर निघून गेलं, गर्भाशयानं मात्र ते धरून ठेवलं. आणि धरलेलं इस्ट्रॅडिऑल जसंच्या तसं होतं, त्यात काहीच बदल झालेला नव्हता. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीतरी त्या पेशींत आहे आणि खरं काम ते काहीतरी करतं. तोच हा रिसेप्टर. पुढे जेन्सन यांनी दाखवलं की ज्या गाठींत तो नसतो त्यांना बीजकोश काढून सहसा फायदा होत नाही. आज माझ्या रिपोर्टवरची ती पहिली ओळ इथून आली आहे. १९८६ साली रिसेप्टरचं जनुक हाती लागलं आणि कळलं की हे ५९५ अमिनो आम्लांची साखळी असलेलं प्रथिन आहे.

आता ते काम कसं करतं ते बघू. रक्तात इस्ट्रॅडिऑल इतकं कमी असतं की एका मिलिलिटरमधलं प्रमाण ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावं लागतं. रेणू लहान आणि स्निग्ध, त्यामुळे तो पेशीच्या आवरणातून सहज आत जातो. रिसेप्टर तोपर्यंत मदतनीस प्रथिनांच्या ताब्यात, काहीही न करता असतो. त्याच्या एका भागात खिशासारखी पोकळी आहे. इस्ट्रॅडिऑल तिथे बसलं की रिसेप्टरच्या शेवटाकडचा एक पिळाचा तुकडा, ज्याला शास्त्रज्ञ बारावं हेलिक्स म्हणतात, वळतो आणि त्या पोकळीचं तोंड बंद करतो. १९९७ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या गटानं क्ष-किरणांनी हे प्रत्यक्ष दाखवलं. तुकडा तसा बसल्यामुळे रिसेप्टरच्या पृष्ठभागावर एक उथळ खाच तयार होते. या खाचेवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून ती लक्षात ठेवायची.

इस्ट्रॅडिऑल घेतलेले दोन रिसेप्टर जोडीनं डीएनएवर बसतात. बसायची जागाही जोडीला सोयीची असते. ए-जी-जी-टी-सी-ए ही सहा अक्षरं, मग कुठलीही तीन, आणि मग समोरच्या धाग्यावर त्याच्या दिशेनं वाचलं तर पुन्हा तीच सहा अक्षरं. प्रत्येक रिसेप्टर आपली सहा अक्षरं धरतो. पण आपल्या डीएनएमध्ये अशा जागा अगणित आहेत आणि बहुतेक ठिकाणी रिसेप्टरला पोचताच येत नाही. एका पेशीतलं डीएनए ताणलं तर सुमारे दोन मीटर भरेल. ते काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतं कारण ते हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेलं असतं, प्रत्येक गोळ्यावर १४७ अक्षरं. घट्ट गुंडाळलेल्या भागातली अक्षरं रिसेप्टरच्या हाती लागत नाहीत. स्तनाच्या पेशीत त्याच्याआधी फॉक्स-ए-वन नावाचं दुसरं एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर ठरावीक जागी जाऊन बसलेलं असतं. गुंडाळलेल्या डीएनएलाही चिकटण्याची त्याची ताकद आहे. ते जागा सैल करतं आणि मग रिसेप्टरला उतरता येतं. प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधून फॉक्स-ए-वन कमी केलं की रिसेप्टरचं डीएनएवर बसणंही बहुतांश ठिकाणी थांबतं. गाटा-थ्री हे असंच आणखी एक साथीदार. त्याचा आम्हाला रोजच्या कामात उपयोग होतो. फुप्फुसात किंवा यकृतात गाठ निघाली आणि ती मूळची कुठली ते कळत नसेल, तर आम्ही गाटा-थ्रीचा रंग करतो. तपकिरी आली तर ती स्तनातून आलेली असण्याचा संशय बळावतो.

इतकं होऊनही जनुक चालू होत नाही. इथे संशोधकही बरीच वर्षं अडले होते. रिसेप्टर डीएनएवर बसला की पॉलिमरेज आपोआप येईल असं वाटत होतं. १९८९ साली एक विचित्र गोष्ट पुढे आली. एकाच पेशीत इस्ट्रोजेनचा आणि प्रोजेस्टेरॉनचा असे दोन्ही रिसेप्टर कामाला लावले तर एकाचं काम जोरात असताना दुसऱ्याचं मंदावत होतं. दोघे डीएनएवर वेगळ्या अक्षरांवर बसतात, तरी एकमेकांच्या आड येत होते. याचा अर्थ दोघांनाही लागणारं तिसरं काहीतरी पेशीत मोजकंच आहे आणि त्यासाठी ओढाताण होते. ते तिसरं काहीतरी १९९५ साली ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमध्ये बर्ट ओमॅली यांच्या गटाला सापडलं. त्यांनी त्याला एसआरसी-वन नाव दिलं. पाठोपाठ त्याची दोन भावंडं सापडली, टू आणि थ्री. ही प्रथिनं डीएनएला स्वतः चिकटत नाहीत. ती रिसेप्टरला चिकटतात. अशांना कोअ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात.

कुठे चिकटतात? त्याच खाचेत. कोअ‍ॅक्टिव्हेटरच्या साखळीत पाच अमिनो आम्लांचा एक छोटा नमुना वारंवार येतो: ल्युसीन, मग कुठलीही दोन, मग पुन्हा ल्युसीन, ल्युसीन. हा तुकडा खाचेत नेमका बसतो. बारावं हेलिक्स जागेवर नसेल तर खाच नाही, खाच नसेल तर कोअ‍ॅक्टिव्हेटर नाही. एका हार्मोनच्या रेणूची बातमी जनुकापर्यंत पोचते ती एवढ्याशा जागेतून, आणि हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या रोजच्या तपकिरी काचांकडे नव्यानं बघावंसं वाटलं होतं.

एसआरसी आलं की ते आपल्याबरोबर पी-३०० आणि त्याचं जुळं सीबीपी यांना आणतं. ही दोन्ही एन्झाइम आहेत. हिस्टोन डीएनएला धरून ठेवतात कारण त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि डीएनएवर ऋण. पी-३०० हिस्टोनच्या बाहेर आलेल्या शेपट्यांवर अ‍ॅसिटिल नावाचा लहान गट चिकटवतं, तिथला धनभार नाहीसा होतो आणि पकड सैल पडते. शिवाय तो गट दुसऱ्या प्रथिनांना ‘इथे या’ अशी खूण होतो. हिस्टोनवरच्या या खुणा साठच्या दशकापासून माहीत होत्या, पण त्यांचा जनुक चालू होण्याशी थेट संबंध १९९६ साली पक्का झाला. डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटानं टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवातून अ‍ॅसिटिल लावणारं एन्झाइम शोधलं आणि ते यीस्टमधल्या एका आधीच माहीत असलेल्या कोअ‍ॅक्टिव्हेटरचं भावंड निघालं. मग येतं मीडिएटर, सुमारे तीस प्रथिनांचं एक मोठं संकुल. त्याचं एक अंग रिसेप्टरच्या बाजूला आणि दुसरं पॉलिमरेजच्या बाजूला. रिसेप्टर बसलेली जागा जनुकापासून हजारो अक्षरं लांब असू शकते. मधलं डीएनए वाकून वळसा घेतं आणि दोन्ही टोकं जवळ येतात. इथे पोचल्यावर पॉलिमरेज नक्कल सुरू करतं.

हा जमाव एकदा जमला की कायमचा बसून राहत नाही. यावर बरंच काम एमसीएफ-७ नावाच्या पेशींवर झालं आहे. अमेरिकेत डेट्रॉईटमध्ये एका ननच्या छातीत कर्करोगामुळे साठलेल्या पाण्यातून या पेशी वाढवल्या गेल्या आणि १९७३ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढतायत. इस्ट्रोजेन दिल्यावर या पेशींमध्ये रिसेप्टर आणि त्याचे सोबती जनुकापाशी जमतात, पांगतात आणि पुन्हा जमतात, साधारण ४० ते ६० मिनिटांच्या फेऱ्यांनी. एकेक रेणू तर काही सेकंदच टिकतो. म्हणजे जनुक चालू राहायचं असेल तर इस्ट्रोजेन सतत मिळत राहिलं पाहिजे, आणि बंद ठेवायचं असेल तर त्याची वाट सतत अडवून ठेवली पाहिजे.

रिपोर्टवरच्या दुसऱ्या ओळीचं महत्त्व इथे कळतं. पी.आर. म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. त्याचं जनुक ई.आर. चालू करतो. ई.आर. तपकिरी दिसला म्हणजे रिसेप्टर आहे एवढंच कळतं. तो काम करतोय का हे रंगावरून कळत नाही. पी.आर.ही तपकिरी दिसला तर खाच, सोबती, पॉलिमरेज ही सगळी वाट चालू आहे याचा तो पुरावा असतो. कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅकग्वायर यांनी १९७५ साली हे मांडलं. अजूनही माझ्या समोर दोन्ही काचा गडद येतात तेव्हा मला बरं वाटतं. फक्त ई.आर. आला आणि पी.आर. कोरा राहिला तर गोळीचा उपयोग होऊ शकतो, पण त्या गाठीबद्दल मी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून बोलते.

आता गोळी. टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी तयार केलं. उद्देश होता गर्भनिरोधक बनवण्याचा. त्या कामाला ते निकामी ठरलं, बायकांमध्ये उलट बीज सुटायला त्यानं मदत केली. आर्थर वॉलपोल यांनी ते सोडू दिलं नाही. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कर्करोगावरचे पहिले निकाल आले, १९७७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ती जेनेरिक गोळी काही रुपयांना मिळते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ई.आर. पॉझिटिव्ह गाठीत पाच वर्षं ती घेतली तर कर्करोगानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो, आणि हा फायदा गोळी थांबवल्यावरही पुढची कित्येक वर्षं टिकतो. काहींना दहा वर्षं घेतल्यानं आणखी फायदा होतो, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

ती करते काय? यकृतात तिचं अधिक प्रभावी रूप तयार होतं आणि ते रिसेप्टरच्या पोकळीत इस्ट्रॅडिऑलच्या जागी जाऊन बसतं. पण त्या रेणूला एक लांब बाजू आहे, ती पोकळीत मावत नाही, बाहेर डोकावते. त्यामुळे बारावं हेलिक्स नीट बंद होऊ शकत नाही. ते बाजूला ढकललं जातं आणि जाऊन पडतं नेमकं त्या खाचेत, कोअ‍ॅक्टिव्हेटरच्या जागी. १९९८ साली याचीही क्ष-किरण रचना आली. रिसेप्टर डीएनएवर बसतो, पण सोबत्यांना जागा नाही. उलट जनुक बंद ठेवणारी प्रथिनं येतात आणि हिस्टोनवरचे ते अ‍ॅसिटिल गट काढून टाकतात. जतहून येणाऱ्या एका मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनीच मला म्हटलं, ‘‘म्हणजे यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून शीट धरत्यात तसं.’’ तसंच. रुमाल आहे तोवर जागा अडलेली, उचलला की बसणारा उभाच आहे. टॅमॉक्सिफेन रिसेप्टर नष्ट करत नाही, इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही आणि गाठीच्या विखुरलेल्या पेशी कुठे असतील तर त्यांना लगेच मारतही नाही. ती फक्त जागा धरून ठेवते. एखादा दिवस गोळी राहिली म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण औषध शरीरातून हळूहळू, काही आठवड्यांत जातं. पण महिनोन्‌महिने सोडली तर सगळ्या जागा मोकळ्या होतात.

अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, म्हणून पुष्कळजणी ती सोडतात. हा त्रास खरा आहे आणि तो सांगायला हवा, कारण त्यावर उपाय आहेत. इथे एक सावधगिरी मात्र हवी. मन शांत राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, यकृतातल्या ज्या एन्झाइमनं टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप बनतं त्यालाच अडवतात. अशी गोळी चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायचं. त्याला पर्याय असतात.

सगळ्यात नवल वाटावं अशी गोष्ट गर्भाशयात घडते. स्तनात जनुकं बंद ठेवणारी हीच गोळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात काही जनुकं चालू करते आणि अस्तर वाढवते. पाळी गेलेल्या बायकांत त्यामुळे गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. रिसेप्टर तोच, गोळी तीच, मग असं का? २००२ साली बॉस्टनमध्ये योंगफेंग शांग आणि माइल्स ब्राउन यांनी दोन्हीकडच्या पेशी शेजारी ठेवून पाहिलं. स्तनाच्या पेशीत टॅमॉक्सिफेन घेतलेल्या रिसेप्टरजवळ बंद करणारी प्रथिनं जमत होती. गर्भाशयाच्या पेशीत त्याच रिसेप्टरजवळ काही जनुकांवर चालू करणारी प्रथिनं जमत होती, कारण तिथे एसआरसी-वन भरपूर होतं. ते कमी केलं तर तिथला परिणामही गेला. हाडांत आणखी वेगळं: पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेन हाडं टिकवायला मदत करतं. म्हणजे एखाद्या पेशीत जनुक चालू होईल की बंद राहील हे रिसेप्टर एकटा ठरवत नाही. तिथे हजर असलेले सोबती कोण आणि किती, यावरही ते ठरतं. म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आणि पाळी गेलेल्या बाईला एक थेंबभर जरी अंगावरून गेलं तरी तिनं ते लपवू नये, ‘वयाचं असेल’ म्हणू नये. तिचा गर्भाशयाचा तुकडाही माझ्याकडे येऊ दे. बहुतेक वेळा साधा पॉलिप निघतो, पण बघावं लागतंच.

पाळी गेलेल्यांना अनेकदा टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अनॅस्ट्रोझोल देतात. त्या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत बनतं आणि ही औषधं ते बनवणाऱ्या एन्झाइमलाच थांबवतात.

गाठही बदलते. एसआरसी-थ्री १९९७ साली शोधलं गेलं तेव्हाच त्याचं दुसरं नाव ठेवलं गेलं एआयबी-वन, कारण काही स्तनाच्या गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या सापडल्या. कोअ‍ॅक्टिव्हेटरच भरपूर झाला की गोळीनं अडवलेली वाट काही अंशी उघडते. ज्या गाठींत एसआरसी-थ्री आणि रिपोर्टवरच्या तिसऱ्या ओळीतलं हर-टू हे दोन्ही जास्त असतात, तिथे टॅमॉक्सिफेनचा फायदा कमी होतो असं २००३ साली दिसलं. दुसरी वाट आणखी थेट. इस्ट्रोजेन बंद करणारी औषधं बराच काळ दिलेल्या, पसरलेल्या कर्करोगात रिसेप्टरच्या ५३७ व्या किंवा ५३८ व्या अमिनो आम्लात बदल झालेला सापडतो. ही जागा बाराव्या हेलिक्सच्या अगदी तोंडाशी आहे. तिथला एक घटक बदलला की हेलिक्स इस्ट्रोजेन नसतानाही बंद जागी जाऊन बसतं, खाच तयार राहते, सोबती येत राहतात. २०१३ साली हे स्पष्ट झालं. अशा रुग्णांसाठी रिसेप्टरच नष्ट करणारी औषधं आहेत: स्नायूत टोचायचं फुलवेस्ट्रंट, आणि २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत मान्य झालेली एलॅसेस्ट्रंट ही गोळी. हा बदल आता रक्ताच्या नमुन्यातूनही शोधता येतो. खर्च मोठा आहे आणि आमच्या भागातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, याचं मला रोज वाईट वाटतं.

पण त्याआधीचं एक काम जवळजवळ फुकट होण्यासारखं आहे आणि तिथेच आपण कमी पडतो. हे सगळं ठरतं रिसेप्टर सापडण्यावर, आणि रिसेप्टर हे नाजूक प्रथिन आहे. शरीराबाहेर आल्यावर रक्तपुरवठा तुटतो आणि ते खराब होऊ लागतं. काढलेली गाठ तासाभराच्या आत दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये जायला हवी. गाठ मोठी असेल तर ती कापून, म्हणजे फॉर्मलिन आतपर्यंत पोचेल. गाठीच्या कितीतरी पट फॉर्मलिन हवं आणि ती त्यात सहा तास ते बहात्तर तास राहायला हवी. आसपासच्या तालुक्यांतून माझ्याकडे गाठ सलाईनमध्ये आली आहे, अखंड आली आहे, एवढ्याशा बाटलीत कोंबून आली आहे, रात्रभर नुसतीच ठेवून सकाळी एसटीनं आली आहे. अशा तुकड्यात रंग येत नाही आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ पडतं. ज्या बाईला काही रुपयांची गोळी पुरली असती तिला ती मिळतच नाही. म्हणून घरच्यांनी शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवावं की तुकडा कशात पाठवणार, आणि बाटलीवर दोन वेळा लिहायला सांगाव्यात: गाठ काढल्याची आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची. त्या दोन वेळा असल्या की मला काचेवर विश्वास ठेवता येतो. नसल्या तर मी काचेच्या कडेची ती निरोगी दूधनलिका शोधते. तीही कोरी असेल, किंवा एरवी पॉझिटिव्हच असणारी, म्हणजे पहिल्या श्रेणीची, ट्युब्युलर नाहीतर म्युसिनस प्रकारची गाठ निगेटिव्ह दिसत असेल, तर मी रिपोर्ट सोडत नाही. दुसरा ब्लॉक मागवते, पुन्हा रंगवते, आणि तरीही शंका राहिली तर काखेतल्या गाठीच्या तुकड्यावर किंवा नव्या बायोप्सीवर ई.आर. पुन्हा करून घ्या, असं स्पष्ट लिहून पाठवते.